मंदाताईंची कोठी

मंदाताई विधाते माझ्या ग्रंथालयात पहिल्यांदा आल्या त्या पुस्तक मागायला नाही, खोली मागायला.

"वाघ सर, तुमची मागची खोली रिकामीच असते ना?"

ती रिकामी नव्हती. बांधणीला पाठवायची पुस्तकं, मोडक्या खुर्च्या आणि जुनी वर्तमानपत्रं तिथे पडून होती. मी तसं सांगितलं. त्या आत गेल्या, भिंतीवरून तळहात फिरवला, खिडकी उघडून मिटून पाहिली आणि बाहेर आल्या.

"ओल नाही. खिडकीतून ऊन येत नाही. खुर्च्या मी उद्या हलवून घेते."

"आणि वर्तमानपत्रं?"

"त्यांचे गठ्ठे बांधून देते. ती तारीखवार नाहीयेत, सर."

हे खरं होतं. अकरा वर्षं ग्रंथपाल असून मला एका लॅब असिस्टंटने ते दाखवून द्यावं याची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच मी होकार दिला.

ही दोन हजार सालानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. आमचं कॉलेज नाशिकच्या कडेला. मंदाताई तिथे नव्वदच्या सुरुवातीला लागल्या, त्या यंत्रांवरची धूळ पुसायला आणि मुलांच्या हजेऱ्या घ्यायला. शिकवणाऱ्यांच्या मागे उभं राहून बघत बघत त्या सगळं शिकल्या. दहा वर्षांनी कॉम्प्युटर बिघडला की प्राध्यापक आधी त्यांना शोधायचे आणि मग त्यांच्याकडून कळलेलं वर्गात जाऊन सांगायचे. त्याबद्दल त्यांना काही वाटत नसे. निदान दिसत तरी नसे.

घर मखमलाबादला, मळ्यात. कोथिंबीर, मेथी, थोडी शेवंती. पहाटे जुड्या बांधायला हात लावूनच त्या कॉलेजला येत, त्यामुळे त्यांची नखं कायम हिरवट असायची. त्या नखांनी, प्रत्येक हाताची दोनच बोटं वापरून, त्या इतक्या वेगाने टाइप करत की शेजारचा माणूस पडदा बघायचं सोडून बोटंच बघत बसायचा. त्यांची आणखी एक सवय होती. 'होत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. त्या म्हणायच्या, "अजून झालं नाही." प्राचार्यांना त्याचा राग यायचा. त्यांना हो किंवा नाही असं उत्तर हवं असायचं.

खोलीत त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याला दोन मोठ्या हार्ड डिस्क लावल्या आणि दाराबाहेर पायपुसणं टाकलं. चपला बाहेर. एकदा प्राचार्य बुटांसकट आत शिरायला लागले तेव्हा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. प्राचार्यांनी बूट काढले.

आत काय चाललंय ते मला कळत नव्हतं, म्हणून त्यांनी मला कळेल अशा भाषेत सांगितलं. आमच्या लॅबमधले कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमवर चालायचे. लिनक्सला लागणारं सगळं सामान, म्हणजे प्रोग्रामांची हजारो लहानमोठी पॅकेजेस, परदेशातल्या मोठ्या सर्व्हरवर ठेवलेलं असतं आणि ते रोज बदलत असतं. प्रत्येक कॉम्प्युटरमधल्या एका फाइलीत एक ओळ असते. सामान कुठून आणायचं, तो पत्ता त्या ओळीत लिहायचा.

"आता आपल्या कॉलेजची इंटरनेटची लाइन किती बारीक आहे ते तुम्हाला माहितीये. चाळीस मशिनी एकदम तिकडं गेल्या तर कुणालाच काही मिळत नाही. म्हणून एकानेच जायचं, सगळं घेऊन यायचं आणि इथं ठेवायचं. बाकीच्यांच्या ओळीत इथला पत्ता टाकायचा."

"म्हणजे आपल्याकडे एक प्रत."

"हुबेहूब प्रत. त्याला मिरर म्हणतात. मी कोठी म्हणते."

पहिल्यांदा कोठी भरायची तर आमच्या लाइनवरून कित्येक महिने लागले असते. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत अशी प्रत होती. मंदाताई डिस्क टॉवेलात गुंडाळून एसटीने तिकडे गेल्या. तिथल्या साहेबांनी सांगितलं, कॉलेजचं पत्र आणा. त्या परत आल्या, पत्र घेतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. साहेब म्हणाले, पत्रावर विभागप्रमुखांची सही आहे, प्राचार्यांची पाहिजे. त्या परत आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब ऑफिसला पोचायच्या आधी त्या त्यांच्या दारात बसलेल्या होत्या, मांडीवर टॉवेल. साहेबांनी पत्र न वाचताच डिस्क लावून घेतली म्हणे. भरायला दिवस गेला. परतताना बसमध्ये चेंगराचेंगरीत डिस्कला धक्का लागेल म्हणून त्यांनी धाकट्या भावाला, दत्तूला, वाशीच्या मार्केटमधून बोलावलं. भाजी उतरवून रिकाम्या क्रेट घेऊन निघालेल्या टेम्पोत, दत्तूच्या शेजारी बसून, डिस्क घरी आली.

त्यानंतर रोजचा बदल तेवढा आणायचा. लाइन मोकळी असेल तेव्हा कॉम्प्युटर आपला आपण ते काम करायचा, आणि मंदाताई सकाळी साडेसातला येऊन सगळं नीट आलं का ते बघायच्या. मी एकदा विचारलं की यात बघण्यासारखं काय असतं. त्यांनी जो नियम सांगितला तो मी पुढे किमान शंभर वेळा ऐकला.

"आधी माल, मग यादी. कोठीत एक यादी असते. काय काय आहे, कुठल्या मापाचं आहे, सगळं तिच्यात. मशीन यादी वाचून सामान मागते. यादी आधी आली आणि माल वाटेतच राहिला, तर मशीन जे नाही ते मागत बसेल. म्हणून माल पूर्ण उतरल्याशिवाय यादी बदलायची नाही. मार्केटला नाही का, टेम्पो यायच्या आधीच फळ्यावर भाव लिहिला तर भांडण होणारच."

हळूहळू कोठीची बातमी बाहेर गेली. मालेगावहून अन्सारीभाई महिन्यातून एकदा यायचे. लूमच्या खडखडाटाला लागून असलेल्या दोन खोल्यांत ते मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत त्यांची डिस्क असायची. "ताई, भर दो," म्हणून ते माझ्यासमोर उर्दू पेपर उघडून बसायचे. सुरगाण्याच्या कॉलेजातले गावित सर यायचे. आणखी सात-आठ ठिकाणं होती. मंदाताई प्रत्येकाची डिस्क भरायच्या, वर तारीख घालायच्या आणि त्या माणसाकडून त्याच्या मशिनीत लिहायची ती ओळ स्वतःसमोर लिहून घ्यायच्या. "मी लिहून दिली तर तुम्ही विसराल," असं त्यांचं म्हणणं.

सुरगाण्याचं प्रकरण झालं ते 'आधी माल, मग यादी' या नियमावरून.

गावित सरांच्या लॅबमधल्या दहाही मशिनी विंडोजमधून शिरलेल्या व्हायरसने गेल्या, आणि विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा दोन दिवसांवर आली. मशिनी चालल्या नाहीत तर केंद्र नाशिकला हलवणार, असं वरून कळवलं होतं. गावित सरांचा फोन माझ्या टेबलावर आला. "सर, आमची पोरं नाशिकला यायची नाय. निम्म्यांचे आईबाप द्राक्षाच्या कामाला बाहेर गेलेत, पोरींना एकटं कोण पाठवील? ताईंना सांगा."

ताईंनी पुढचं काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे डिस्क काढली, पिशवीत घातली आणि पहिल्या गाडीने सुरगाण्याला गेल्या. पुढचं मला गावित सरांनी सांगितलं.

त्यांनी दहा मशिनी पुसून नव्याने लिनक्स घातलं. एका मशिनीला डिस्क लावून तिची कोठी केली आणि बाकी नऊच्या फाइलीत तिचा पत्ता लिहिला. मग परीक्षेला लागणारी पॅकेजेस मागवली आणि पहिल्याच मशिनीवर काम अडलं. सामान यादीशी जुळत नव्हतं. काही नग नव्हतेच, काही अर्धवट उतरलेले.

मंदाताईंनी यादीची आणि मालाची तारीख ताडून पाहिली. मग म्हणाल्या, "गावित सर, चूक माझी आहे."

आदल्याच आठवड्यात त्यांनी सामान आणण्याच्या प्रोग्राममध्ये काही सुधारणा केली होती आणि त्यात क्रम उलटा झाला होता. निघायच्या आदल्या रात्री लाइन मधेच तुटली. नवी यादी आली, नवा माल अर्ध्यावर राहिला. एरवी सकाळी साडेसातला हे त्यांच्या लक्षात आलं असतं, पण पहाटेची गाडी गाठायच्या घाईत त्यांनी न बघताच डिस्क काढली होती.

गावित सर स्वतः थोडंफार जाणणारे. ते हळूच म्हणाले, "ताई, मशीन माल यादीशी ताडून बघती, ती तपासणी बंद करता येती ना? एका ओळीचं तर काम. उद्याच्यापुरतं चालून जाईल."

"येती बंद करता."

"मग?"

"मग मशीन काहीबी घेईल. अर्धं घेईल, तुटकं घेईल, आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगेल. उद्या पेपरात पोरीचा प्रोग्राम चालला नाही, तर ती म्हणेल माझंच चुकलं. तिला काय माहीत, आपण तपासणी बंद केली होती म्हणून?"

गावित सरांनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

जुना माल डिस्कवर शाबूत होता. हवी होती फक्त जुनी यादी. मंदाताई दर सोमवारी यादीची एक सीडी काढून माझ्या लोखंडी कपाटात ठेवायच्या. मला तो त्यांचा अतिरेक वाटायचा. साडेअकराला सुरगाण्याच्या एसटीडी बूथवरून फोन आला.

"वाघ सर, कपाट उघडा. दुसरा खण. सोमवारची सीडी. मिळाली?"

"मिळाली."

"तिच्यावरची तारीख वाचा."

मी वाचली.

"आता एकची सुरगाणा गाडी आहे. ड्रायव्हरच्या हातात द्या, कंडक्टरच्या नको, तो गडबडीत असतो. पुठ्ठ्यात घाला. ड्रायव्हरचं नाव विचारून घ्या आणि मला पुन्हा फोन करा. मी इथंच उभी आहे."

मी रिक्षाने स्टँडवर गेलो, पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये सीडी बांधून ड्रायव्हरला दिली. त्याने ती समोरच्या काचेखाली ठेवायला घेतली. मी म्हटलं, तिथे ऊन लागेल. तेव्हा त्याने ती शर्टच्या आत घातली. परत येऊन बूथवर फोन केला. मंदाताईंनी पहिल्या रिंगला उचलला.

गाडी घाट चढून पाचच्या सुमारास पोचली आणि सुरगाण्यात सहाला वीज गेली. भारनियमन. सकाळपर्यंत येणार नाही, असं कळलं. गावित सरांना आता परीक्षा गेली असंच वाटलं. मंदाताई त्यांच्या घरी गेल्या, नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण जेवल्या, त्यांच्या बायकोला मेथीचं बी कधी टाकायचं ते सांगितलं आणि झोपल्या. गावित सरांना झोप लागली नाही.

पहाटे साडेपाचला दिवे आले. पावणेसहाला त्या लॅबमध्ये होत्या. जुनी यादी ठेवली, पहिल्या मशिनीवर मागणी केली आणि सामान तपासून, जुळून आत जायला लागलं. दुसरी, तिसरी. दहावी मात्र काही केल्या उठली नाही. तिचं आतलंच काहीतरी गेलेलं होतं. साडेनऊला त्यांनी ती उचलून कोपऱ्यात ठेवली आणि गावित सरांना म्हणाल्या, "नऊ आहेत. पोरं पाळीने बसवा." दहाला विद्यापीठाचे परीक्षक आले. परीक्षा सुरगाण्यातच झाली.

मी धरून चाललो होतो की त्या परत आल्यावर हे प्रकरण आम्हा तिघांतच राहील. सोमवारी त्या प्राचार्यांकडे गेल्या आणि स्वतःची चूक जशीच्या तशी सांगितली. प्राचार्य म्हणाले, "अहो, परीक्षा पार पडली ना? मग आता कशाला?" त्यावर ताई म्हणाल्या, "प्रोग्राम बदलल्यापासून दुसऱ्या कुणी डिस्क भरून नेली असेल तर? त्यांना कळवायला पाहिजे." आणि त्यांनी सगळ्या ठिकाणी, एकेकाला, फोन करून कळवलं. अन्सारीभाई मला नंतर म्हणाले, "अपनी गलती कोई इतना घूम-घूम के बताता है क्या?"

पुढे तीन-चार वर्षांत कॉलेजला जाड लाइन आली. बाकीच्या ठिकाणीही ब्रॉडबँड पोचलं, आणि डिस्क आणण्याऐवजी त्यांच्या मशिनी लाइनवरूनच आमच्या कोठीत यायला लागल्या. पुढे ज्याला हवं ते मूळ सर्व्हरवरूनही थेट मिळायला लागलं. प्राचार्यांनी एक दिवस मागची खोली झेरॉक्स मशीनसाठी मागितली. मला वाटलं, मंदाताई भांडतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. आता गरज नाही तिची. पण मला एक महिना द्या."

"बंद करायला महिना?"

"बटण दाबायला काही नाही, सर. पण ज्यांच्या मशिनीत आपला पत्ता आहे, त्यांना दुसरा द्यायला पाहिजे."

कोठीत कोण कधी आलं याची नोंद कॉम्प्युटर ठेवायचा. त्या रोज ती काढायच्या आणि एकेकाला गाठायच्या. फोनवर ओळ बदलून घ्यायच्या, समोरच्याला ती वाचून दाखवायला लावायच्या. तीन आठवड्यांत नोंद रिकामी होत आली. आमच्या लॅबच्या मशिनी त्यांनी शेवटी ठेवल्या होत्या; त्या सोडल्या तर उरला एकच पत्ता. रोज सकाळी साडेनऊला एक मशीन यायची, नवं काही असेल ते घ्यायची आणि जायची. ब्रॉडबँडवरून यायची, नाशिकमधलीच, पण कुणाची ते कळेना. तिच्यासाठी मंदाताईंनी कुणाकडून ओळ लिहून घेतलेली नव्हती.

महिना संपला. प्राचार्यांनी विचारलं, झालं का?

"अजून झालं नाही. एक राहिलाय."

"एका माणसासाठी?"

"तो कोण आहे ते कळलं की बंद करते."

मग त्यांनी एक गोष्ट केली जी त्यांना मनापासून आवडली नाही. फक्त त्या एका पत्त्याला एक दिवस दार बंद केलं. "आता तरी कुणीतरी ओरडेल," त्या म्हणाल्या आणि दिवसभर अस्वस्थ होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, बंगलोरहून. आमचाच एक जुना विद्यार्थी. नोकरीला जाण्यापूर्वी त्याने इंदिरानगरच्या घरी वडिलांना कॉम्प्युटर लावून दिला होता, आणि कॉलेजमध्ये पाठ झालेला पत्ता त्यात घालून ठेवला होता.

"बाबांच्या पडद्यावर लाल खूण आलीये, मॅडम. ते फार घाबरलेत. मी दिवाळीत आलो की बदलतो."

"दिवाळीपर्यंत त्यांनी लाल खूण बघायची का? घराचा पत्ता सांगा."

मीही बरोबर गेलो. वडील निवृत्त पोस्टमास्तर, एकटे. पेपर वाचून झाला की साडेनऊला कॉम्प्युटर लावायचे आणि मराठीत पत्रं लिहायचे. मुलाने सांगून ठेवलं होतं, कोपऱ्यात खूण आली की 'हो' म्हणा, बाबा. ते रोज 'हो' म्हणत होते.

मंदाताईंनी फाइल उघडली. काकांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. "मी सांगते, तुम्ही लिहा." एकेक अक्षर. काकांना तीनदा चुकलं. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "पुसा. पुन्हा." ओळ झाली, सामान यायला लागलं. काका पडद्याकडे बघत म्हणाले, "हे त्यानेच लावलंय. रोज सकाळी येतं तेव्हा वाटतं, आहे तो. उद्या येईल ना?"

"येईल. दुसरीकडून येईल, पण येईल. उद्या आलं की मला ग्रंथालयात फोन करा. तोपर्यंत मी जुनं बंद करत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या नऊलाच माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. त्यांच्या बदलीचा कागद तेव्हा निघालेला होता. संस्थेच्या दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजात, पुढच्या आठवड्यापासून. साडेनऊ झाले. मी पुस्तकांवर शिक्के मारत होतो. पावणेदहाला फोन वाजला.

"आलं का, काका? ... लाल खूण नाही ना? ... बरं. सगळं उतरलं का बघून या. मी थांबते." त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मग झालं," आणि फोन ठेवला.

मागच्या खोलीत जाऊन त्यांनी शेवटची नोंद एकदा वाचली आणि मशीन बंद केली. इतक्या वर्षांची घरघर थांबली तशी वाचनकक्षातल्या दोन मुलांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, वीज गेली.

दहाची बॅच लॅबच्या पायऱ्यांवर उभी होती. मी खिडकीतून पाहिलं, मंदाताई पदर खोचून आवार ओलांडत होत्या, रोजच्याच चालीने. मुलांनी बाजूला होऊन वाट दिली. दार उघडून त्या आत वळल्या, आणि त्यांचा आवाज तेवढा इकडे आला.

"चला, बसा. आज आपापली ओळ आपण लिहायची."